जिथून जिथून, तिथून तिथून



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६

सहाव्या अध्यायात आपण आता ध्यानाच्या अगदी मधोमध आलो आहोत. काल पंचविसावा श्लोक पाहिला. तिथे भगवान म्हणाले की बुद्धीला धीराचा आधार द्यावा आणि मनाला हळूहळू शांत करत न्यावं. आजच्या श्लोकाचा आशय थोडक्यात असा: मन चंचल आहे, ते एका जागी ठरत नाही; ते जिकडे जिकडे पळेल तिकडून त्याला आवरून पुन्हा आत्म्यापाशी आणून ठेवावं.

मूळ संस्कृत श्लोक उघडून बघा, एक गंमत दिसेल. 'जिथून' या अर्थाचा शब्द तिथे लागोपाठ दोनदा आलाय, आणि 'तिथून' या अर्थाचाही दोनदा. कालच्या श्लोकात 'हळू' दोनदा होता. एवढा मोठा विषय ७०० श्लोकांत बसवणारा जेव्हा एकच शब्द दोनदा म्हणतो, तेव्हा त्या दोनदा म्हणण्यातच काहीतरी सांगायचं असतं. मन एकदा पळालं, एकदा धरून आणलं, काम फत्ते, असं इथे गृहीतच धरलेलं नाही. ते पळणार, पुन्हा पळणार. आपण आणायचं, पुन्हा आणायचं.

हा श्लोक मी बरीच वर्षं वाचतोय, प्रवचनांतही ऐकलाय. पण 'आणायचं म्हणजे नेमकं कसं आणायचं' हे गेल्या पाच आठवड्यांत आमच्या घरी आलेल्या एका पाहुणीमुळे रोज डोळ्यांसमोर दिसतंय. म्हणून आज तिच्याबद्दल.

पाहुणी

तिचं नाव बुंदी. जात गावठी, रंग बदामी, आली तेव्हा वय जेमतेम आठ आठवडे. आमच्या सोसायटीच्या मागे बांधकाम चालू आहे, तिथल्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. ती बिचारी एका रात्री गाडीखाली गेली. साइटवरच्या वॉचमनकाकांनी खटपट करून तिघांना घरं मिळवून दिली. ही उरली.

माझं काम घरूनच चालतं. बायको ऑफिसला जाते. त्यामुळे पिल्लाकडे बघणारा दिवसपाळीचा माणूस मीच. आई घरात असते, पण तिचा सुरुवातीला ठाम विरोध होता. आमच्याकडे देवघर स्वयंपाकघरातच आहे, पुण्यातल्या टू बीएचकेत असतं तसं. आई म्हणाली, "दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात हे मला ठाऊक आहे. पण ती दत्ताच्या पायाशी. माझ्या देवापाशी पाचवी नको."

पाचव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात भगवंतांनी ज्ञानी माणसाची ओळख सांगताना गाय, हत्ती यांच्याबरोबर कुत्र्याचंही नाव घेतलंय, या सगळ्यांकडे तो सारख्याच नजरेने बघतो म्हणून. तो श्लोक तिला ऐकवावा असं क्षणभर वाटलं. पण जिने मला गीता वाचायला लावली तिलाच गीता ऐकवणं शहाणपणाचं नव्हतं. शेवटी तह झाला. बुंदी राहील, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. उंबऱ्याबाहेर तिची चटई, तीच तिची जागा.

आता आठ आठवड्यांच्या पिल्लाला तह कुठे वाचता येतो? तो तिला शिकवायला हवा होता. आणि मजा म्हणजे शिकवण्यासाठी जे जे करावं लागलं, ते ते सहाव्या अध्यायात ओळीने लिहिलेलं सापडलं.

आधी जागा

अकराव्या श्लोकात भगवान साधकाला सगळ्यात आधी आसन मांडायला सांगतात. स्वच्छ ठिकाणी, स्थिर, फार उंच नाही, फार सखल नाही. आपल्याला वाटतं ध्यानाच्या एवढ्या गहन विषयात बसकणीची उंची कशाला? पण पिल्लू घरात आणलं की हे लगेच कळतं.

पहिल्या दिवशी पूर्ण घर मोकळं मिळालेलं पिल्लू आनंदी नसतं, गांगरलेलं असतं. त्याला सोफ्याखाली जायचं असतं, चार्जरची वायर चावायची असते, चपला ओढायच्या असतात आणि शेवटी कोपऱ्यात बसून रडायचं असतं. आम्ही माझ्या टेबलाच्या शेजारी एक छोटं कुंपण केलं, त्यात तिची गादी, पाण्याचं भांडं आणि आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. वायरी उचलून वर बांधल्या. जागा लहान झाली आणि पिल्लू शांत झालं.

आपण नामस्मरण कधी बसमध्ये, कधी बिछान्यात, कधी मीटिंग म्यूट करून करतो. त्यात वाईट काहीच नाही, नामाला स्थळकाळाचं बंधन नाही असंच संत सांगतात. पण नवशिक्या मनाला घरात एक तरी अशी जागा लागते, जिथे बसलं की त्याला न सांगता कळतं, आता इथे हेच होणार आहे. एक चटई पुरते.

मग वेळ

सोळावा आणि सतरावा श्लोक आठवा. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, जागत राहणाऱ्यालाही नाही. खाणं, फिरणं, काम, झोप, जागणं, सगळं युक्त हवं, म्हणजे बेताचं आणि ज्याचं त्याला साजेसं.

आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते या दोन श्लोकांवरचं भाष्यच होतं. एवढं पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपतं आणि ते तसंच झोपायला हवं. खाणं एकदम नाही, तीन-चार वेळा थोडं थोडं. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच शूच्या जागी न्यायचं. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर दोन-तीन तास धरू शकतं, तेही रोज नाही. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या जमिनीवर सोडायचं नाही, कारण पार्व्हो नावाचा आजार रस्त्यावरच्या मातीतूनही येतो आणि पिल्लं त्यात दगावतात. म्हणून आमची शूची जागा म्हणजे बाल्कनीतली वर्तमानपत्रं.

यामुळे माझ्या दिवसाचा आराखडाच बदलला. दहाच्या स्टँडअपच्या आधी बाल्कनी. दीड तास काम, मग बाल्कनी. जेवण, बाल्कनी. संध्याकाळी साडेसातला अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल असतो, त्याच्या आधी खेळ आणि बाल्कनी, म्हणजे कॉलभर ती झोपते. पूर्वी मी चार-चार तास मान वर न करता बसायचो. आता दर दीड तासाला एक अडीच किलोचा जीव मला उठवतो.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी. संध्याकाळी ती अचानक पिसाळल्यासारखी करायची. घोटे चावायची, पायजमा धरून लोंबकळायची. आम्हाला वाटलं हिला अजून खेळायचंय. डॉक्टर म्हणाले, नाही, ही दमलीय. झोप अपुरी झाली की पिल्लं जास्त चावतात. दिवा मंद करून कुंपणात ठेवलं की पाच मिनिटांत घोरायला लागते.

रात्री दोनपर्यंत स्क्रीनसमोर बसून सकाळी जपाला बसणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांसाठी यात उपदेश आहे. मन चावरं झालं, कशावरही चिडायला लागलं, की आपण लगेच आपली भक्ती कमी पडली असा निष्कर्ष काढतो. बऱ्याचदा भक्ती कमी पडलेली नसते, झोप कमी पडलेली असते. भगवंतांनी झोपेचा विषय गीतेत घेतलाय, आपणही तो साधनेत घ्यावा.

'युक्त' या शब्दाचा आणखी एक पदर आईमुळे कळला. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तिने शिरा केला होता आणि थोडा बुंदीसाठी वेगळा काढायला निघाली होती. म्हणजे विरोध तोवर बराच पातळ झाला होता! पण शिऱ्यात मनुका होत्या. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, थेट किडनीवर परिणाम होतो. चॉकलेट, कांदा, लसूण हेही त्यांना चालत नाही. आई थबकली, म्हणाली, "प्रसादसुद्धा?" प्रसादसुद्धा. एकाचं अमृत दुसऱ्याला युक्त असेलच असं नाही. सोशल मीडियावर कुणी तीन वाजता उठून चौसष्ट माळा करतंय म्हणून तेच आज आपल्याला झेपेल असं नाही. आपला घास आपल्या वयाचा, आपल्या पोटाचा हवा.

आणि आता परत आणणं

जागा झाली, वेळ झाली, तरीही पिल्लू चटईवर थांबत नाही. इथे आजचा श्लोक सुरू होतो.

पहिल्या आठवड्यात बुंदीने हॉलमध्ये किती ठिकाणी शू केली याची गणती नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपुलकीने सल्ला दिला, "जिथे केलंय तिथे तिचं नाक घासा आणि दोन चापट्या द्या, दोन दिवसांत सुधारेल." आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी हाच उपाय ऐकलाय. डॉक्टरांना विचारलं. त्यांचं उत्तर मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं.

ते म्हणाले, पिल्लाने दहा मिनिटांपूर्वी जे केलं त्याचा आणि आत्ताच्या चापटीचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं, की जमिनीवर ओलं असताना माणूस जवळ आला की मार बसतो. मग ते शू करणं थांबवत नाही. ते तुमच्यासमोर करणं थांबवतं. सोफ्यामागे जाऊन करतं, पलंगाखाली करतं. तुम्ही बाल्कनीत नेऊन कितीही वेळ उभे राहा, तिथे करणार नाही, कारण तुम्ही बघताय. म्हणजे जे तुमच्याजवळ यायला हवं होतं, ते तुमच्यापासून लपायला शिकतं.

मग करायचं काय? चालू असताना दिसलं तर आवाज न चढवता उचलायचं, बाल्कनीत न्यायचं. तिथे झालं की लगेच शाबासकी, एक छोटा खाऊ. आधीच होऊन गेलेलं दिसलं तर काहीच बोलायचं नाही. पुसून टाकायचं, आणि नीट पुसायचं, कारण आपल्याला वास गेला असं वाटलं तरी तिच्या नाकाला तो येत राहतो आणि ती पुन्हा तिथेच जाते. एन्झाइमवालं क्लिनर मिळतं, ते वापरायचं. बस.

मंडळी, हे आपल्या मनाला लावून बघा.

जपाला बसतो. दोन मण्यांत मन ऑफिसच्या कुठल्यातरी चॅटवर पोचतं. चार मिनिटांनी लक्षात येतं. त्या लक्षात येण्याच्या क्षणी आपण काय करतो? बहुतेक जण नाक घासतात. 'तुला दहा मिनिटं देवाजवळ बसता येत नाही. तुझं काही खरं नाही. एवढी वर्षं फुकट.' आपल्याला वाटतं ही कडक साधना आहे. पण मनाला यातून काय शिकवण मिळते? चॅटवर जाणं वाईट, हे ते शिकत नाही. ते शिकतं, की देवासमोर बसलं की बोलणी बसतात. आणि मग ते लपतं. 'आज वेळ नाही.' 'उद्यापासून नक्की.' 'मूड नाहीये, अशा मनाने बसण्यात अर्थ नाही.' आपण याला आळस म्हणतो. पुष्कळदा तो आळस नसतो, ती भीती असते. पलंगाखाली गेलेलं पिल्लू असतं ते.

भगवंतांनी या श्लोकात मनाला शिक्षा करायला सांगितलेलं नाही. आवर आणि आण, एवढंच. पुढे चौतिसाव्या श्लोकात अर्जुन म्हणेल की मन आवरणं म्हणजे वारा धरण्याइतकं अवघड आहे. तेव्हाही भगवान त्याला 'तुझीच इच्छाशक्ती कमी' असं म्हणत नाहीत. ते आधी मान्य करतात, हो, मन आवरायला कठीण आहे यात शंका नाही. मग उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. ज्याचा स्वभावच चंचल, तो पळाला म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ काय?

आणखी एक. पिल्लू परत आणणं हा प्रशिक्षणातला व्यत्यय नसतो, तेच प्रशिक्षण असतं. ती एकदाही चटईवरून उठली नसती, तर चटई शिकलीच नसती. तसंच मन भरकटलं आणि आपण ते आणलं, हा जपात पडलेला खंड नाही. तो जपच आहे. एका माळेत पंचवीस वेळा मन पळालं आणि पंचवीस वेळा आणलंत, तर ती माळ वाया गेली नाही. पंचवीस वेळा अभ्यास झाला.

आईची गोष्ट

आता जे सांगतोय ते आईला विचारून सांगतोय.

माझे बाबा गेल्या वर्षी आषाढात गेले. त्याआधी तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. आई लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते, आजारपणातसुद्धा चुकवलेला मला आठवत नाही. बाबा गेल्यावर तेरा दिवसांनी ती पुन्हा बसली. पण दुसऱ्या-तिसऱ्या अभंगापाशी तिचं मन हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये जायचं. कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं, आपण आधी का नेलं नाही, शेवटच्या रात्री ते काय म्हणत होते. तोंडाने अभंग चालू आणि डोळ्यांसमोर आयसीयूचा दरवाजा. आठवडाभराने तिने म्हणणंच बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, "तोंडात देव आणि मनात भलतंच, असा हरिपाठ म्हणणं हा देवाचा अपमान आहे. माझ्याकडून आता होणार नाही."

दिवा लावायची, हात जोडायची, उठायची. असे दहा महिने गेले. आम्ही फार काही बोललो नाही. मी एकदा म्हटलं, आपण दोघं मिळून म्हणू. ती नको म्हणाली. आई देवावर रुसली नव्हती. तिला देवासमोर बसायची लाज वाटत होती.

आणि बुंदीला चटई शिकवण्याचं काम तहानुसार आईकडे आलं, कारण दिवसभर स्वयंपाकघरात वावर तिचा. पिल्लू उंबरा ओलांडून आत आलं, की आई हातातलं काम ठेवायची, तिला उचलायची, चटईवर ठेवायची, "इथं बस गं बाई," म्हणायची आणि परत पोळीकडे वळायची. पोळी तव्यावरून उतरायच्या आत बुंदी पुन्हा आत. पुन्हा उचल, पुन्हा ठेव, "इथं बस गं बाई." आवाज तोच. एका रविवारी मी हॉलमध्ये बसून मोजलं. सकाळच्या स्वयंपाकात एकतीस वेळा. एकतिसाव्या वेळेलाही तिने पहिल्याइतक्याच मायेने तिला ठेवलं होतं. मी म्हटलं, "आई, दमली नाहीस? राग नाही आला?" ती म्हणाली, "राग कसला? एवढंसं लेकरू ते, आई गेलीय त्याची. त्याचं चित्त ठिकाणावर असेल का? येईल हळूहळू."

म्हणाली आणि गप्प झाली. पीठ मळत राहिली. मीही काही बोललो नाही. त्या वेळी बोलण्यासारखं काही नव्हतं, जे बोलायचं ते तिचं तीच बोलून बसली होती.

चार-पाच दिवसांनी, संध्याकाळी मी कॉलवर असताना स्वयंपाकघरातून हरिपाठ ऐकू आला. आवाज थोडा खरखरीत होता, सवय मोडली होती. तिसऱ्या अभंगापाशी थांबला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा त्याच अभंगापासून सुरू झाला. मी कॅमेरा बंद करून ऐकत राहिलो. एकूण तीनदा थांबली, तीनदा तिथूनच उचललं. एरवी तिचा हरिपाठ वीस-बावीस मिनिटांत होतो. त्या दिवशी पाऊण तास लागला. बुंदी चटईवर पाय पसरून झोपली होती, निम्मी उंबऱ्याच्या आत.

आईचं दुःख संपलंय असं मी म्हणणार नाही. कॉरिडॉर अजूनही येतो, ती सांगते. पण आता आला की ती उठून जात नाही. परत येते.

'पण भरत राजाचं काय?'

तुमच्यातल्या काही वाचकांच्या मनात हा प्रश्न आला असणार. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य सोडून गंडकी नदीकाठी साधना करणारा हा थोर पुरुष. सिंहाच्या गर्जनेने घाबरून एका गाभण हरिणीने नदीवर उडी घेतली, पाडस प्रवाहात पडलं आणि हरिणी मेली. भरताने ते पाडस वाचवलं, वाढवलं. आणि हळूहळू त्याच्यात इतका गुंतला, की नित्यनेम सुटले आणि शेवटच्या क्षणी चित्तात हरणच राहिलं. पुढचा जन्म हरणाचा मिळाला. मग घरात कुत्रं पाळून आपण तेच करतोय का?

मला वाटतं कथेचा दोष पाडस वाचवण्यात नाही. बुडणाऱ्याला उचललं नसतं तर तो साधू कसला? दोष त्यानंतरचा, पाडस नजरेआड झालं की भरताला राहवेना, तो. अभ्यासाच्या जोडीला भगवान वैराग्य सांगतात ते इथे लागतं.

आणि पिल्लाच्या बाबतीत हे अगदी व्यवहाराचं आहे. घरून काम करणाऱ्यांच्या पिल्लांना एक मोठा धोका असतो. माणूस चोवीस तास समोर असल्याने ती एकटं राहायला शिकतच नाहीत. पुढे कधी घर दोन तास बंद करावं लागलं की भुंकून गळा सुकवतात, दार ओरबाडतात. म्हणून घरात असतानाच एकटेपणाचे धडे द्यावे लागतात. दुसऱ्या खोलीत जायचं, दार लावायचं, दहा सेकंदांत परत यायचं. मग अर्धा मिनिट. मग दोन मिनिटं. रडायला लागायच्या आत परतायचं आणि मुदत थोडी थोडी वाढवायची. पहिल्या दिवशी दार लावणं तिच्यापेक्षा मलाच जड गेलं. पण तिला माझ्याविना सुरक्षित वाटायला शिकवणं हीही मायाच आहे. माझ्या मते वैराग्य म्हणजे माया आटवणं नव्हे. समोरच्याला आपल्या मुठीतून मोकळं ठेवून त्याच्यावर प्रेम करता येणं, हे वैराग्य.

सकाळचा जप झाल्याशिवाय मी बुंदीशी खेळत नाही, हाही त्याच तहाचा भाग. ती कुंपणातून बघत बसते. आता तिलाही कळलंय, माळ गोमुखीत गेली की आपला नंबर.

आजचा अभ्यास

आज तीन गोष्टी करू या.

एक, घरात एक जागा ठरवा. खुर्ची, चटई, खिडकीचा कोपरा, काहीही. रोज तिथेच बसा.

दोन, वेळ इतकी लहान ठेवा की उद्याही झेपेल. पाच मिनिटं चालतील. पिल्लाचं जेवण पिल्लाएवढं.

तीन, मन पळालेलं लक्षात आलं की त्याला एकही शब्द बोलू नका. टोमणा नाही, पश्चात्तापाचं भाषण नाही. उचला आणि नामावर ठेवा. हवं तर आईचं वाक्य उसनं घ्या: इथं बस गं बाई.

ॲपवरची स्ट्रीक तुटली म्हणून, नवरात्रात धरलेला नेम दिवाळीत सुटला म्हणून, कुणी गेल्याच्या दुःखात पूजा थांबली म्हणून तुमच्यापैकी जे कुणी देवघरापासून लांब उभे असतील, त्यांना हे विशेष सांगायचंय. याच अध्यायात थोडं पुढे अर्जुन विचारतो, मधेच वाट सुटलेल्याचं काय होतं, तो फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? चाळिसाव्या श्लोकात भगवान त्याला 'तात' म्हणून हाक मारतात, लेकराला मारावी तशी, आणि सांगतात की चांगलं करू पाहणाऱ्याची दुर्गती कधीच होत नाही. परत येणाऱ्याला तिथे मार नाही. चटई आहे तिथेच आहे.

हे पांडुरंगा, आमचं मन तुझ्यापासून जितक्या वेळा पळेल, तितक्या वेळा ते उचलून आणण्याचं बळ आम्हाला दे. आणि आणताना आमचा हात तुझ्या हातासारखा मऊ असू दे.

उद्या सत्ताविसावा श्लोक.

राम कृष्ण हरी!